उसातला आणि गेममधला बिबट्या

उसाच्या वाळल्या पाचटाचा वास आला की मला अजून ती संध्याकाळ आठवते. माझी नात तेव्हा अवसरीला इंजिनियरिंगला होती आणि कॉम्प्युटरवर एक गेम बनवत होती. मेलेली माणसं उठून जित्या माणसांच्या मागं लागतात, असला तो खेळ. त्यात तिला बिबट्याही घालायचा होता, म्हणून उसाची सळसळ मोबाईलमध्ये भरून घ्यायला ती बांधावर गेली. मी गोठ्यात होते. सहज बघितलं तर पोरगी उसाच्या कडेला उकिडवी बसलेली, आणि वारा नसताना तिच्या मागचा ऊस हलतोय! आमच्याकडं खुरपायला बसलेल्या बायांवरच बिबट्या झेप घेतो, बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. "अगं ऊठ, उभी राहा!" मी ओरडले, तर ही आणखीनच खाली दबली. मग मी घमेलं बडवत धावले. "उभी राहा म्हणते ना, भवाने!" ती उठली. ऊस थांबला, आणि थोड्या वेळानं सळसळ लांब ओढ्याकडं निघून गेली. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, गेममध्ये शत्रू आला की खाली बसायचं असतं गं." "ते मेलेल्यांसाठी, बाई. ह्यो जिता हाय." पुढं तिला नोकरी लागली, गेम अर्धाच राहिला, पण बिबट्या तेवढा तिनं पुरा केला. परवा मला कॉम्प्युटरवर दाखवला, आणि तो उसातून बाहेर आला तशी मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.