अकरा पथ्यांचा सौदा

चूर्णवाल्यानं मला फसवलं, आणि माझ्या धाकट्या जावेनं आम्हा दोघांनाही फसवलं.

मी चादरी आणि टॉवेल विकते. सुरुवात खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार केली, आता सोलापूरच्या शुक्रवार पेठेत स्वतःचं दुकान आहे. शिक्षण सातवी, बाकी सगळं घासाघीस करून मिळवलेलं. घासाघीस तोंडानं होते असं लोकांना वाटतं. ती पायांनी होते. ठोक व्यापाऱ्याच्या गादीवर मांडी घालून बसायचं, आपला भाव सांगायचा, आणि तो नाही म्हणाला की झटक्यात उठून चपला घालायच्या. पायरी उतरायच्या आत तो हाक मारतो. सारी जादू त्या उठण्यात आहे.

नेमकं तेच माझं गेलं. सकाळी बोटं सुजायची, मूठ वळायची नाही, मग गुडघेही धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही झिजेची गुडघेदुखी नाही, हा आमवात. आपलंच शरीर आपल्या सांध्यांशी भांडतं. भांडण म्हटल्यावर मला जरा ओळखीचं वाटलं.

त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, वार मोठ्या अक्षरात लिहून. तिच्या जोडीला दुसऱ्या वारी घ्यायची एक छोटी पिवळी गोळी, आणि ड जीवनसत्त्वाची पुडी. औषधाच्या दुकानात मी म्हटलं, "ही पिवळी राहू दे, मोठी तेवढी दे."

"मावशी, मोठीनं तोंड येऊ नये, पोट बिघडू नये म्हणून छोटी दिलीय. जोडी फोडू नका."

फरक कधी पडेल विचारलं तर बाई म्हणाल्या, तीन महिने. मी म्हटलं, दीड करा. त्या हसल्यासुद्धा नाहीत. "तीन म्हणजे तीन. कदाचित जास्त."

महिन्याभरात व्यापाऱ्याकडे जायची वेळ आली. भाव पटला नाही, मी उठायला गेले, आणि उठताच येईना. एक हात गादीवर, एक गुडघा अर्धा वर. त्यानं सगळं पाहिलं. "बसा की वैनी, गडबड काय हाय? चहा सांगतो." त्या दिवशी त्यानं सांगितलेल्या भावानं मी माल घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर पडले ती रागानं थेट चूर्णवाल्याच्या दारात.

चूर्णवाला गोड बोलणारा माणूस. त्यानं डबा पुढे ठेवला आणि पथ्याची यादी दिली. वांगं, टोमॅटो, बटाटा, दही, चिंच, उडीद, ताक, हरभरा, शेंगदाणे, हिरवी मिरची, गूळ. एकूण अकरा.

"शेंगदाणे सोडायचे? सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडू? त्यापेक्षा गाव सोडते."

"बरं, शेंगदाणे ऱ्हाऊ द्या."

"हरभरा पण. आणि गूळ."

"ठीक हाय, पण मग वांगं अजिबात नको."

ताकही काढून घेतलं. अकरावरून सातावर आणली यादी. चूर्णाचा भावही पाडला. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालूच होत्या, त्यात ही भर. घरी आले ते लढाई जिंकल्यासारखी.

आमच्या घरी दुकान माझं आणि चूल जावेची. ती अक्कलकोटकडची, मला अक्का म्हणते. यादी ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अक्का, मग आमटी कशाची करू? पाण्याची?"

"कर कशाचीही. पण ह्यातलं एक जरी घातलंस तर बघ."

"व्हय, व्हय."

पहिल्या दिवशीची आमटी मी तोंडात घातली आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र बरी लागायला लागली. म्हटलं, हिला जमलं. जावेनं आपल्या मनानं जवसाची चटणी सुरू केली. संध्याकाळची बिस्किटं मी बंद केली आणि रोज चालायला लागले. दोन महिन्यांनी एका सकाळी दात घासताना लक्षात आलं, ब्रश नीट मुठीत धरलाय. मी बाथरूममधूनच ओरडले. घाबरून सगळे धावत आले.

मग माझं तोंड कोण धरणार? टॉवेल घ्यायला आलेल्या बायकांना मी पथ्य सांगायला लागले. "वांगं सोडा, वांगं!" वैराग गावी भाचीच्या लग्नात भरली वांगी होती, तेल सुटलेली, देठासकट. वाढपी आला तर मी ताटावर हात धरला आणि अख्ख्या पंगतीला कारण ऐकवलं. शेजारी जाऊ मान खाली घालून जेवत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, ठसका लागला.

गुडघे सावकाश ताळ्यावर आले. पथ्याच्या सातव्या महिन्यात पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या गादीवर बसले. तो नाही म्हणाला. मी उठले. एका दमात, कशालाही हात न लावता. दोन पायऱ्या उतरले तेवढ्यात मागून हाक. "वैनी, वैनी! आवो थांबा की!"

हे सांगायला दुकानात न जाता भर दुपारी घरी आले. स्वयंपाकघरात गॅसवर वांगं भाजत होतं, शेजारी टोमॅटो.

"हे कुणासाठी?"

"अक्का, आज लवकर?"

"कुणासाठी, विचारतेय मी."

तिनं वांगं उलटलं. "आमटीत घोटायला. दाटपणा येतो."

"कधीपासून?"

"तुमी ताट सरकवलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दोन वाट्या प्यालात की त्या दिवशी!"

"सात महिने?"

"रोज न्हाय. शनवारी तुमचा उपास, तवा न्हाय घातलं."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे साल सोलत होती. "तुमी बऱ्या होत होता. सांगितलं असतं तर नुसत्या रागानं पुन्हा सांधे धरले असते तुमचे."

डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. वांग्याची गोष्ट ऐकायच्या आधी त्यांनी डब्यावरून मला झापलं. "आत काय आहे ते ह्यावर लिहिलेलं नाही. माझ्या गोळ्यांबरोबर हे पोटात घेत होतात, आणि मला सांगितलं नाहीत?" चूर्ण त्या दिवसापासून बंद. रक्त तपासलं, यकृत ठीक निघालं, तेव्हा कुठे त्या हसल्या. म्हणाल्या, काहींना एखादा पदार्थ सोसत नाही, त्यांनी तो लक्ष ठेवून सोडावा. तुम्ही तर नकळत सात महिने खाऊन बऱ्या झालात. जवस, चालणं ठेवा. गोळ्या मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत. "आणि मी किती महिने म्हटलं होतं?"

घरी येताना मला कळलं ते मी व्यापारात वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवते. जो माल पहिल्या घासाघिशीला अकराचा सात होतो, तो मुळात घेण्यासारखाच नसतो. ज्या बाईनं तीनाचे अडीचसुद्धा केले नाहीत, तिचा माल खरा होता.

चूर्ण बंद होऊन दोन महिने झाले. मी उठते, बसते, भांडते. भरली वांगी मागची कसर भरून काढत खाते. जावेशी आठवडाभर बोलले नाही, पण जेवले तिच्याच हातचं.

पण तो चूर्णवाला अजून आपल्या दारात सांगतोय, "चादरीच्या दुकानातल्या बाई बघून या, माझ्या डब्यानं उठल्या." लोक खरंच येतात. परवा वेळापूरहून एक बाई आली, बोटं माझ्यासारखीच सुजलेली. म्हणाली, "ताई, जरा उठून दाखवा की." मी उठले. तिचं तोंड उजळलं. म्हणाली, "मग मी दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या ते बरंच केलं म्हणायचं."

तिला तिथेच बसवून गोळ्या पुन्हा सुरू करायला, डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. पण जी माझ्याकडे न येता नुसतं चूर्णवाल्याचं ऐकून घरी गेली, तिचं काय? माझं उठणं मी कुणाला विकलेलं नाही. चूर्णवाल्या, डब्यात काय घालतोस ते डब्यावर लिही, आणि माझ्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर, त्या वेळापूरच्या बाईच्या बोटांचा जाब दे. इथे घासाघीस होणार नाही.