कामोलीचा पिवळा रंग

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. दहा महिन्यांनी घरी यायचे आणि चपला काढायच्या आत इटलीतल्या एका गावाचं कौतुक सुरू करायचे. गावाचं नाव कामोली. एकदा जहाज दुरुस्तीसाठी त्या गावाजवळ महिनाभर अडकलं, तेव्हापासूनचं हे खूळ. आमचा सगळा खारदांडा कोळीवाडा त्यांना 'कामोली' म्हणूनच हाक मारायचा. लोक हसायचे, मी जळायचे. सवत होती तर आईची, पण जळफळाट माझा!

"पूर्वी तिथे शिडाच्या जहाजांनी बंदर भरलेलं असायचं," बाबा सांगायचे. "पुरुष सगळे समुद्रावर, गावात नुसत्या बायका."

"मग आपल्याकडे काय वेगळं आहे?" मी विचारायचे.

"तिथे प्रत्येक घराचा रंग वेगळा. परतणाऱ्याला लांबून आपलं घर ओळखू यावं म्हणून."

जत्रेला म्हणे तिथे भल्यामोठ्या कढईत मासे तळून वाटतात. बाजारात म्हावरं विकणारी आई म्हणायची, "फुकट? मग वाट लागली त्या गावाची!"

शहाऐंशीच्या सुट्टीत बाबांनी आमचं समुद्राकडे तोंड केलेलं घर भडक पिवळं रंगवलं. मागच्या कोऱ्या भिंतीवर हिरव्या झडपांची खोटी खिडकीही काढली, कामोलीत काढतात तशी. दुसऱ्या दिवशी शेजारची मावशी गल्लीतून त्या खिडकीवर थापा मारत आईला हाका मारत राहिली. सगळे हसून लोळले. माझं डोकं फिरलं.

"तुम्ही सहारला विमानातून उतरता, टॅक्सीने घरी येता. समुद्रातून घर ओळखायचंय कोणाला?"

"आवडतं गं मला ते गाव, बाय."

"आमच्यापेक्षा?"

बाबा ब्रश धुवत राहिले. "रंग ओला आहे, हात लावू नकोस," एवढंच म्हणाले. तेच त्यांचं उत्तर, असं धरून मी पुढच्या दोन सुट्ट्या त्यांच्याशी धड बोलले नाही.

एकोणनव्वद साली त्यांचं जहाज वादळात बुडालं. काहीजण वाचले. बाबा सापडलेच नाहीत.

खाऱ्या वाऱ्यात रंग वर्षभरही टिकत नाही. पावसाळा सरला की मी घर पुन्हा पिवळं करून घेते. दुकानदाराला दरवेळी सांगते, याहून भडक दे.

"आता कोणासाठी गं?" आई विचारते.

मी रंगाच्या डब्याचं झाकण उघडते. कामोलीतही पिवळी घरं आहेत. समुद्रातून येताना बाबांची नजर चुकायला नको.