काळविटामागे गेलो त्या दिवशीची हजेरी

भुताखेतांच्या समजुतींविरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं छापून भर बाजारात वाटली आहेत. या सदरातले अनुभव वाचून मी हसत आलो, हेही कबूल करतो. तेव्हा आता कोणी मला हसलं तर तक्रार नाही.

मी सोलापूरचा, शुक्रवार पेठेतला. त्या वर्षी मला धनुष्याचं वेड लागलं होतं. बंदुकीला लायसन लागतं आणि ते आमच्यासारख्यांना मिळत नाही... धनुष्याला कोण विचारतो! बांबू चिरून मी ते घरीच केलं होतं. नेम मी जमवला, पण रान दाखवलं झिंगाभाऊंनी. ते पारधी. मोहोळपलीकडे एका गावाबाहेर त्यांचं पाल होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पारधी म्हणून जन्मले, एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांना रोज दिवस मावळताना चावडीवर पाटलासमोर हजेरीच्या वहीत अंगठा उठवावा लागे. एकदा हजेरी चुकली म्हणून तुरुंगात जाऊन आले होते. पुन्हा चुकली तर बायकापोरांसकट तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत पाठवीन, असं पाटलानं बजावलं होतं.

मी त्यांना अहोजाहो करी, त्याचं त्यांना हसू येई. ते मला ‘मास्तर’ म्हणत, कारण मी फार बोलतो.

आश्विन होता. बंदूकवाले साहेब थंडी पडल्यावर येतात, त्यांच्या आधी काळवीट मारायचं हा माझा हट्ट. ऊन मात्र वैशाखासारखं. पावसानं दगा दिल्यानं ओढ्यात एकच डबकं उरलेलं, तिथं काळवीट येणारच, म्हणून दुपारी आम्ही बाभळीखालच्या खड्ड्यात दबून बसलो. घामानं धनुष्य मुठीतून निसटत होतं. काळवीट आलं. मी बाण सोडला. लागला — पण पोटात. ते काळ्या रानातून उधळलं. मी उठलो, तसं झिंगाभाऊंनी माझं धोतर धरून खाली ओढलं.

“बस. पोटात लागलाय. आता मागं लागलास तर सीना नदीपल्याड जाईल. गप पडू दे त्याला.”

“उन्हात मांस नासेल की!”

“नासू दे. तुजी जीभ नासली असती तर लई बरं झालं असतं.”

उन्हं कलल्यावर माग काढायला निघालो. ढेकळावर सुकून काळा पडलेला रक्ताचा थेंब त्यांना दिसे, मला दिसत नसे. असे बराच वेळ चाललो. मग ते थांबले.

“मास्तर, हाजरीला जाया पायजे. गाव दोन कोस हाय.”

आणि मी व्याख्यान दिलं! तडफडणारं जनावर टाकून जाणं माणुसकीला शोभत नाही, वगैरे. “पाटलाशी मी बोलतो. चूक माझी, असं तोंडावर सांगतो.”

“तुज्या तोंडाला पाटील भितोय व्हय?” ते म्हणाले... पण राहिले. त्या दुपारपासून ते क्षणभरही माझ्या नजरेआड झाले नाहीत. हे मी शपथेवर सांगतो.

सूर्य टेकला तेव्हा बोरीच्या जाळीत काळवीट सापडलं, अजून धापा टाकत. झिंगाभाऊंनी गुडघे टेकून सुरी चालवली. मग काळवीट खांद्यावर घेऊन आम्ही परतलो आणि गावाबाहेर झुडपात झाकून ठेवलं. वाटभर मी पाटलासमोरचं भाषण जुळवत होतो. चावडीवर कंदील लागला होता.

“काय रं झिंग्या,” पाटील म्हणाला, “मगाशीच तर गेलास की! काय इसरलं?”

मी तोंड उघडलं होतं. झिंगाभाऊंनी माझा दंड इतका दाबला की वळ उठले.

“कधी आले होते?” मी कसंबसं विचारलं.

“दिस बुडताना. ह्यो बगा अंगठा. येळंवर आला म्हनून मीच तंबाकू दिली त्याला.”

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मी तुज्यासंगंच व्हतो नव्हं?”

पालात त्यांची बायको चिडलेली. “अर्दी भाकर टाकून कुटं उटून गेलतास? आन् मगाशी जेवताना बोललास बी न्हाईस!” थाळीत खरोखर अर्धी भाकरी होती. त्या जागेवर ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच पत्रकाच्या पाठीवर शाईनं त्यांचा अंगठा घेतला, आणि चावडीवर एक जुना अर्ज पाहायचं निमित्त काढून वहीतल्या अंगठ्याशी भिंगाखाली ताडून पाहिला. रेघेला रेघ जुळत होती. पाटलानं खोटं केलं म्हणावं, तर त्याला यांना अडकवण्यातच गोडी. दुसऱ्या कोणी हजेरी दिली म्हणावं, तर अंगठा यांचा कसा? आणि बायको नवऱ्याला ओळखत नाही? ओरडून सांगायचीही सोय नाही — वही खोटी म्हटलं की यांचं बिऱ्हाड कुंपणात! बाजारात उभा राहून खरं बोलणारा मी, इतके दिवस गप्प बसलो आहे.

“हाजरी त्यानं दिली,” झिंगाभाऊंनी एकदा विचारलं. “मंग तुज्यासंगं रानात व्हता त्यो कोन?”

आता ते लांब रानात जात नाहीत. दिवस कासराभर वर असतानाच चावडीच्या पायरीवर जाऊन बसतात. पाटील म्हणतो, सुधारला. मागच्या महिन्यात मी शेजारी बसून विचारलं, एवढ्या लवकर का येता?

“त्यो माज्या आदी याया नगं.”

याचा उलगडा मला आजही होत नाही. पायरीवर बसलो त्या संध्याकाळी अंगठा उठेपर्यंत कोणी आलं नाही... पण रस्त्यावरची नजर मीही काढली नव्हती.