आलेख प्रभारी

आमच्या खात्याचं काम पाणी मोजणं. पाणी देणं दुसऱ्या खात्याकडे आहे आणि ते गेलं कुठे हे सांगणं तिसऱ्याकडे. त्यामुळे आम्हाला सहसा कुणी काही विचारत नाही. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तिच्याबरोबर वडील इथे आले, म्हणजे खरं तर फायलींबरोबर आले. लाकडी पेट्यांत बांधलेल्या फायली पुढच्या डब्यात आणि मराठी कारकून मागच्या. त्यातली एक पेटी आमच्या कार्यालयात अजून आहे. तिच्यावर माठ ठेवतात. ती उघडायची तर माठ कुणी हलवायचा हे ठरलेलं नाही, म्हणून ती उघडलेली नाही. मी इथे सांख्यिकी सहायक म्हणून लागलो आणि आता निवृत्तीला आलो आहे.

वर्षातून एकदा आमचा अहवाल निघतो. तो वर्ड फाइलमध्येच असावा लागतो. पीडीएफ साहेबांना चालत नाही, कारण तिच्यात दुरुस्ती करता येत नाही, आणि जिच्यात साहेबांना दुरुस्ती करता येत नाही ती गोष्ट त्यांच्या हाताखालच्या माणसाने पूर्ण केली असं मानावं लागेल. तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर बसून टेबलाटेबलांवरून फिरते. प्रत्येक जण ती उघडतो, एखादा स्वल्पविराम काढतो, सेव्ह करतो. शेवटचं टेबल ऑपरेटरचं. हा जुन्या भोपाळचा, पन्नाशीचा, अत्यंत सज्जन माणूस. तो स्वल्पविरामही काढत नाही. फक्त सेव्ह करतो. पण जुन्या पद्धतीत करतो, कारण साहेबांचं मशीन जुनं आहे. साहेबांचं मशीन दोन वर्षांपूर्वी बदललं. पद्धत बदलण्याचा आदेश आला नाही.

गेल्या वर्षी अहवालाच्या सत्ताविसाव्या पानावर एक आलेख होता. तो काढला होता आमच्याकडे संविदेवर, म्हणजे कंत्राटावर असलेल्या एका बाईने. भूजलाचं शिकलेली, यवतमाळची, नवऱ्याच्या बदलीमुळे भोपाळला आलेली. चारचौघांत ती मला ‘सर’ म्हणायची आणि मराठी बोलायची वेळ आली की ‘काका’. कोलार रोडच्या आजूबाजूचे चाळीस बोअर ती तीन वर्षं, दर महिन्याला, स्कूटरवर जाऊन मोजत होती. पाण्याला टेकली की पिपाणीसारखी वाजणारी एक टेप असते, ती खाली सोडायची आणि आकडा लिहायचा. त्या सगळ्या आकड्यांचा हा एक आलेख. चाळीस बारीक रेघा. उन्हाळ्यात खाली जाणाऱ्या, पावसानंतर वर येणाऱ्या. त्यातल्या सात वर येत नव्हत्या. तिच्या तीन वर्षांचं सार एवढंच होतं.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. संगणकात चित्र दोन तऱ्हांनी राहतं. एक ठिपक्यांचं, फोटोसारखं. ते मोठं केलं की भुरभुरतं. दुसरं रेघांचं. त्यात चित्र असं नसतंच, हुकूम असतात: इथून इथपर्यंत रेघ ओढा, एवढी जाड, अमुक रंगाची. ते कितीही मोठं करा, रेघ रेघच राहते. फक्त हुकूम वाचणारा नीट हवा. बाईचा आलेख या दुसऱ्या तऱ्हेचा होता, आणि हुकूम टेबलागणिक कसे वाचले जातात हे तिला अजून माहीत नव्हतं.

समितीच्या बैठकीत पडद्यावर सत्ताविसावं पान आलं. त्यावर एक रिकामा चौकोन होता आणि चौकोनात बारीक इंग्रजीत चार ओळी.

“आलेख कुठे आहे?” साहेबांनी विचारलं. साहेब हिंदीत बोलतात. मी मराठीत देतो आहे. त्यात त्यांचं काही नुकसान नाही.

“सर, माझ्या लॅपटॉपवर दिसतो.”

“समिती तुमच्या लॅपटॉपवर भरत नाही.”

इतिवृत्तात आलं: आलेखाच्या जागी रिकामा चौकोन आढळला. संबंधित संविदा कर्मचाऱ्याने तीन वर्षांत काय केले याचा खुलासा घ्यावा. मुदतवाढीचा विषय पुढील बैठकीत. पुढची बैठक आठ दिवसांवर होती आणि तिची संविदा महिनाअखेर संपत होती. तिच्या जागी कुणाचा तरी भाचा तयार आहे, असं कँटीनमध्ये ऐकू येत होतं. कँटीनच्या बातम्या इतिवृत्तापेक्षा खऱ्या असतात.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने चौकोनातल्या त्या चार ओळी भिंग लावून वाचल्या. हे चित्र एका विशिष्ट जातीच्या प्रिंटरवरच उमटेल, असा काहीसा त्यांचा अर्थ होता.

“दादा, इसमें तो साफ लिखा है,” तो मला म्हणाला. “प्रिंटर दूसरा चाहिए.”

“अरे, पण बैठकीत पडद्यावर दाखवायचंय. प्रिंटरचा काय संबंध?”

“लिखा है तो संबंध होगा ही.”

त्याने नव्या प्रिंटरसाठी नोटशीट, म्हणजे मंजुरीची टिपणी लावली. त्या नोटशीटवर एका दिवसात तीन सह्या झाल्या. माझ्या सबंध नोकरीत मी इतक्या वेगाने काही हलताना पाहिलं नव्हतं. साहेबांनी समासात ‘रंगीत?’ एवढंच विचारलं.

बाईने तोवर तोच आलेख दुसऱ्या जातीच्या फाइलमध्ये काढून आणला. तिच्याकडे उत्तम. माझ्याकडे उत्तम. ऑपरेटरच्या टेबलावरून परत आला तेव्हा रेघा बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या आणि चाळीस बोअरचा मिळून एक काळा नाला तयार झाला होता. अक्ष आडवे पडले होते. बोअरची देवनागरी नावं सुटी होऊन मात्रा एकीकडे, अक्षरं दुसरीकडे.

“तुम्ही केलंत काय याचं?” बाईने हिंदीत विचारलं.

“मैडम, मैंने तो बस सेव किया है,” ऑपरेटर म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

साहेबांनी तो नाला पाहिला आणि म्हणाले, “हं, आता जरा उठाव आला आहे. पण याला त्रिमितीय करता येईल का?”

मग तिने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. तो दोन फोनांतून साहेबांपर्यंत पोचेस्तोवर धुक्यातल्या तलावासारखा झाला. साहेबांनी त्यावर अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं, ते कशाला हे कुणालाच कळलं नाही.

शेवटी ऑपरेटरने स्वतःच उपाय काढला. मनापासून काढला, हे मला नोंदवलंच पाहिजे. त्याने बाईच्या लॅपटॉपवरून आलेखाची छापील प्रत काढवली. तिच्यावर साहेबांची सही घेतली. सहीखाली ‘सत्य प्रतिलिपि’चा गोल शिक्का मारला. ते पान स्कॅन केलं आणि अहवालात चिकटवलं. आमच्याकडे शिक्का नसलेला कागद दिसला तरी दिसला असं धरत नाहीत, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पान किंचित कललेलं होतं, त्यामुळे सगळ्याच बोअरचं पाणी थोडं वाढल्यासारखं दिसत होतं. साहेब खूश झाले.

बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “काका, शिक्का नेमका त्या सात रेघांवर बसलाय.”

“योगायोग आहे.”

“मला माहितीये योगायोग आहे. म्हणून तर भांडताही येत नाही.”

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती आणि मी कोलार रोडवरच राहतो, दोन कॉलन्या सोडून. तिच्या नवऱ्याने पोहे आणि कोपऱ्यावरून जिलबी आणली. जेवणाच्या टेबलावर आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. मध्येच गल्लीत टँकर आला तेव्हा आलेख तसाच सोडून तिघंही बादल्या घेऊन धावलो. परत येऊन तिने ओल्या हातांनीच पुढचं काम सुरू केलं. दुपारपर्यंत युक्ती सापडली. रेघा रेघाच ठेवायच्या आणि अक्षरांच्याही रेघा करून टाकायच्या, म्हणजे अक्षरं अक्षरं म्हणून उरतच नाहीत, नुसते आकार होतात. मग कुठल्या मशीनमध्ये कुठला टाइप आहे याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय फाइल नव्या पद्धतीतच राहिली पाहिजे. आम्ही ती तिच्या लॅपटॉपवर पाहिली, नवऱ्याच्या पाहिली, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीच्या पाहिली. मोठी करा, अजून मोठी करा, सात रेघा केसासारख्या स्वच्छ.

“आणि उद्या ही फाइल पुन्हा ऑपरेटरकडे जाणार,” ती म्हणाली. “तो पुन्हा जुन्या पद्धतीत सेव्ह करणार.”

“त्याला सांगून बघू.”

“चार वेळा सांगितलं. म्हणतो, बिना सेव किए आगे कैसे भेजूं. काका, या वेळी गेलं तर गेलंच. मला दुसरी नोकरी मिळेल हो कुठेतरी. पण ते बोअर परत पहिल्यापासून कोण मोजणार? मधला एक महिना चुकला तरी रेघ तुटते.”

मी घरी आलो आणि विचार करत बसलो. ऑपरेटरला थांबवण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, कारण तो काही चुकीचं करत नव्हता. काम करणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी थांबवू शकत नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली होती. वृक्षारोपण प्रभारींनी कधी रोपाला हात लावलेला नाही. लिफ्टचे प्रभारी जिन्याने येतात. हिंदी पंधरवड्याचे प्रभारी तो पूर्ण पंधरवडा रजेवर असतात. ज्याला एखाद्या कामाचा प्रभारी केला, त्याने ते काम करणं शोभत नाही.

सोमवारी मी नोटशीट लिहिली. अहवालातील आलेखांचे महत्त्व लक्षात घेता एका अनुभवी कर्मचाऱ्यास आलेख प्रभारी नेमणे योग्य राहील. नाव ऑपरेटरचं सुचवलं. खर्च शून्य, म्हणून साहेबांनी वाचता वाचताच सही केली.

ऑपरेटर आदेशाची प्रत घेऊन माझ्याकडे आला. कागद त्याने दोन्ही हातांत धरला होता. “दादा, इत्ते साल में पहली बार अपन का नाम अलग से टाइप हुआ है.” मला थोडी लाज वाटली. मंगळवारी त्याने एम. पी. नगरातून नावाची पाटी करवून आणली आणि एक नवं रजिस्टर आखलं. बाई आणि मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो तेव्हा त्याचा हात सवयीने पुढे झाला, मग थांबला.

“दादा, फाइल मैं खोलूं?”

“प्रभारी फाइल उघडत नाहीत,” मी म्हणालो. “प्रभारींना दाखवतात.”

तो खुर्चीत मागे टेकला. बाईने तिच्या लॅपटॉपवर आलेख दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला, रजिस्टरात ‘देखा’ असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली. पेनड्राइव्हला कुणी हात लावला नाही.

“आणि बैठकीच्या सकाळी त्याने उघडलीच तर?” बाहेर आल्यावर तिने विचारलं. बैठकीच्या सकाळी मी अर्धा तास आधी येऊन त्याच्या टेबलासमोर बसलो आणि प्रभारीपदाची कर्तव्यं या विषयावर त्याच्याशी बोलत राहिलो.

सत्ताविसावं पान पडद्यावर आलं. चाळीस रेघा. समितीचे अध्यक्ष चष्मा वर करत म्हणाले, “मोठं करा.” बाईने केलं. “अजून.” अजून केलं. सात रेघा पूर्ण पडदाभर, एकेक वेगळी.

“या खालच्या कुठल्या?”

तिने सातही जागा सांगितल्या. पाचवी आमची कॉलनी होती. मला ते माहीत होतं, तरी नाव मोठ्याने ऐकल्यावर वेगळं वाटलं.

“पाणी खाली गेलंय?”

“हो सर. पावसानंतरही वर येत नाही. तीन वर्षं.”

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी पुढचा प्रश्न विचारणार.

साहेब म्हणाले, “सर, बघा, कितीही मोठा केला तरी आलेख फाटत नाही. आपण यासाठी खास प्रभारी नेमले आहेत.”

सगळ्यांनी ऑपरेटरकडे पाहिलं. तो उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला.

इतिवृत्त दोन दिवसांनी आलं. आलेख अत्यंत सुस्पष्ट. आलेख प्रभारींचे अभिनंदन. संबंधित संविदेस एक वर्षाची मुदतवाढ. सात बोअरबाबतची माहिती नोंदवून घेण्यात आली. त्याच आठवड्यात प्रिंटरही आला. तो खोक्यातून काढलेला नाही. माठाचा पेला हल्ली त्या खोक्यावर ठेवतात.

“काका, वर्ष मिळालं,” बाई म्हणाली.

“आणि सात बोअर?”

“नोंदवून घेतले.”

पुढच्या महिन्यात ती आमच्या कॉलनीत आली. मी बोअरचं झाकण उघडून दिलं आणि तिची वही धरून उभा राहिलो. टेप खाली जात राहिली. गेल्या महिन्याचा आकडा माझ्यासमोर होता. टेपवर तो तिच्या बोटांखालून सरकला, पण पिपाणी वाजली नाही. ती मान वाकवून, अजून थोडी सोडत, ऐकत होती. कॉलनीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला आणि वरच्या मजल्यावरून माझ्या बायकोने हाक मारली, तरी मी जागचा हललो नाही.

“थांबा काका,” बाई म्हणाली. “अजून टेकली नाही.”