पॅडलवरचा पाय

सन दोन हजार पंचवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. थंडीचे दिवस. धामणगाव बढ्याला एका व्यापाऱ्याच्या गोदामापुढं माझ्या ट्रकातून सोयाबीनची पोती उतरवणं चालू होतं, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा... आई गेली." वांग्याच्या वाफ्यात खाली बसली ती उठलीच नाही, असं गजू सांगत होता. मी फोन खिशात टाकला आणि राहिलेली अकरा पोती उतरवूनच निघालो. काऊन, ते मला आजही सांगता येत नाही. सकाळी तर रुखमा दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. म्हणाली, "पॅडल नरम लागते म्हनत व्हते ना? ऐतवारी हवा काढून टाकू. सवकाश जाजा." तेच शेवटचं. ऐतवार यायला तीन दिवस होते.

आमचं गाव देऊळघाट. घरचा भाजीपाला आणि गावातला माल बाजाराला न्यायला मी एक छोटा ट्रक घेतला, त्याला तेहतीस वर्षं झाली. माझं शिक्षण तिसरी. गाडी नवी होती तेव्हा एका गॅरेजवाल्यानं मला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि चार जणांसमोर म्हणाला, "काका, तुमी हात नका लावू, तुमाले समजत नाही." त्या दिवशी ठरवलं, या गाडीला परत गॅरेज दाखवायचं नाही. आणि नाही दाखवलं. क्लच उतरवला, स्प्रिंगच्या पाट्याची पानं बदलली, रेडिएटरला झाळ मारली, पत्रा सडला तिथं डब्याचा पत्रा ठोकला. चुकलो तेव्हा पुन्हा खोललं. पण ब्रेकचं काम एकट्याचं नसतं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पॅडल नरम पडतं आणि गाडी थांबायला वेळ लावते. ती हवा काढायला एकानं वर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाखाली झोपून पान्यानं निपल, म्हणजे नळीच्या टोकाचा पोकळ स्क्रू, ढिलं करायचं. तेलासोबत बुडबुडे निघतात. मग निपल कसायचं, आणि त्याच्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत.

वर बसायची रुखमा. पहिल्या वेळी म्हणाली, "मले नाही जमत बापा, हे चालू झालं तं?" मी म्हणालो, "चाबी माह्या खिशात हाय, काय उडून जाते?" मग ती अशी शिकली की मला सांगावंच लागेना. चपला खाली काढून अनवाणी चढायची, पदर खोचायची, मांडीवर सूप घ्यायची. तीन वेळा पॅडल मारायची, चौथ्यांदा धरून ठेवायची, आणि धरल्या धरल्या तुरीची डाळ निवडायची. मी खालून ओरडायचो, "दाब!" वरून यायचं, "दाबलं." "धर!" "धरलं." मी सोड म्हणेस्तोवर तिनं कधी पाय उचलला नाही. एकदा माझा पाना सटकून बोट चेचलं, मी बोलायचंच विसरलो... ती किती वेळ तशीच बसून होती. शेवटी वरून आवाज आला, "जित्ते हा ना? का मी सैपाकबी इथंच आनू?"

एक गोष्ट मात्र इथं लिहिलीच पाहिजे. हे काम मी कायम घरामागं, गोठ्याच्या आडोशाला करायचो. बायकोला ट्रकात बसवतो हे लोकांना दिसू नये म्हणून. मागच्या दसऱ्याला गावातल्या गाडीवाल्यांनी मला शाल-नारळ दिलं, इतकी जुनी गाडी चालू ठेवली म्हणून. माईक हातात आला. मी म्हणालो, "तेहतीस वर्षांत या गाडीले माह्याशिवाय कोनाचा हात लागला नाही!" टाळ्या पडल्या. ज्या पेपरासाठी हे लिहितोय त्याच्याच पुरवणीत फोटोसहित दोन ओळी छापून आल्या, त्या मी काच लावून भिंतीवर टांगल्या. रुखमा त्या दिवशी बायांमध्ये मागं बसली होती. घरी आल्यावर ताट वाढता वाढता म्हणाली, "हात तुमचाच हो. पाय कोनाचा व्हता मंग?"

मी म्हणालो, "बाईले वर बसवतो असं माईकवर सांगू का? लोक हासतीन."

"हासू द्या ना. मीबी हासली असती त्याह्यच्यासंगं."

तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तेरवी झाली. ट्रक घरामागं उभाच होता. पॅडल आणखी नरम झालं होतं. मी सीट आणि पॅडलच्या मध्ये लाकडाचा टेकू मारला आणि खाली शिरलो. निपल ढिलं केलं की पॅडल खाली बसायचं, टेकू पडायचा, हवा परत आत जायची. तीन वेळा केलं. गजू म्हणाला, "बाबा, बुलढाण्याच्या गॅरेजात टाकू ना. घंटाभराचं काम हाय." मी त्याच्यावर असा ओरडलो की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मग सून आली, वैशाली. "मामाजी, मी बसू का?"

"तुले नाही समजत त्यातलं," मी म्हणालो. बोलल्यावर कळलं, हे वाक्य मी पूर्वी कुठं ऐकलं होतं ते.

ती गेली नाही. सासूला ती आत्याबाई म्हणायची. म्हणाली, "आत्याबाईनं शिकवलं मले, तुमी खेपेवरून येऊन झोपत तवा. तीन मारायचे, चौथं धरायचं, तुमी म्हनेपर्यंत उचलायचं नाही. त्याह्यचा गुडघा लय दुखे ना पॅडल धरून... तुमाले सांगू नको म्हने."

मला माहीत नव्हतं. चाकाखालून मला रुखमाचा गुडघा कधी दिसला नाही, आणि वर येऊन मी कधी पाहिला नाही. पाना तिथंच टाकून मी केबिनमध्ये जाऊन बसलो. सीटच्या फटीत तुरीच्या डाळीचे दाणे होते. पॅडलचं रबर एका बाजूनं झिजलेलं, त्याच्यात तिच्या जोडव्यानं पडलेली खाच, बोट फिरवलं की लागते. "पाय सरकते, नवं टाका," असं ती म्हणायची म्हणून नवं रबर आणून खणात ठेवलं होतं. ते तसंच ठेवलं. दिवेलागण झाली तरी बसून होतो, कोणी बोलवायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रक पहिल्या गिअरमध्ये हळूहळू घरामागून काढला. ब्रेक लागला नाही तर चाकाला लावायला गजू दगड घेऊन सोबत चालत होता. चौकात चहाच्या हॉटेलासमोर गाडी लावली, तिथं दसऱ्याला टाळ्या वाजवणारे सगळे बसलेले असतात. मग वैशालीला म्हणालो, "चढ बाई वर. चपला खाली काढ."

हॉटेलातून एक जण ओरडलाच, "काऊन हो काका, सुनेले डायवर करून राह्यले का?"

"या गाडीले पह्यल्यापासून बाईचाच पाय हाय," मी म्हणालो. "तुमच्या काकूचा व्हता. दसऱ्याले मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. मी पाना घेतला, मागच्या डाव्या चाकाखाली झोपलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "दाब!"