प्रस्थान ठेवलेल्या पिशव्या

"प्रस्थान ठेवलेलं सामान उघडायचं नाही, परत घरात आणायचं नाही, आणि का, ते विचारायचं नाही!"

ही अक्काची, म्हणजे माझ्या आत्याची शिकवण. मी तिच्याच घरी राहून धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते, त्यामुळे अशा शिकवणी मला चहाबरोबर मिळतात.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या वेळी आपलं सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे आपण निघालो! मग आपण घरी जेवा, झोपा, भांडा, काही हरकत नाही.

शाळेची पायी सहल काढली आणि असे किस्से साठत गेले. मधल्या सुट्टीत एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. आता सगळ्या जणी धडधाकट परत आल्यात, म्हणून हसायला येतं.

*

शिरपूरपर्यंत मोटारीने, पुढे चार दिवस सातपुड्यात पायी, आणि प्रत्येकीचं सामान प्रत्येकीच्या पाठीवर, असा माझा बेत. लष्कराचं जुनं कॅनव्हास बाजारात स्वस्त मिळालं. शिवणाच्या तासाला मुलींनी त्याच्या पिशव्या शिवल्या. उरला प्रश्न परवानगीचा.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष नाना. कापसाचे मोठे व्यापारी. त्यांची नात शांता अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला; वर्गात गणितात पहिली. तिला कॉलेजात जायचं होतं, आणि नानांना तिला त्याआधीच सासरी पाठवायचं होतं.

मी दोन पानांचं भाषण पाठ करून नानांकडे गेले. "नाना, स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली..." एवढंच म्हणाले असेन.

"जा की!" नाना म्हणाले. "आमची शांताही येईल."

भाषण घशातच राहिलं! शांता जाणार हे कळताच बाकीच्या घरांनीही माना डोलावल्या. याचा दुसरा अर्थ एवढाच, की शांता गळाली तर सहलच बुडाली.

*

मी नियम केला: पिशवी पाठीवर घेऊन शाळेच्या मैदानाला एक फेरी मारायची. जिला जमेल तिचं सामान बरोबर.

लीला अर्ध्या फेरीतच खाली बसली. पिशवीत पाहिलं तर कच्च्या केळ्यांचा अख्खा घड! तिच्या मामाने यावलहून पाठवलेला. मी तिच्या आईला बोलावून घेतलं.

"अहो, हिरवी केळी कशाला?"

"वाटमा पिकी जातीन ना, बाई! तठे डोंगरमा काय भेटस?"

"आणि पिकेपर्यंत?"

"तवलोंग भाजी करा!"

मी कपाळाला हात लावला. "भाजी कशात करू? माझ्या पदरात?"

तिने शांतपणे पिशवीच्या तळाशी हात घातला आणि कढई बाहेर काढली.

*

बुटांचं वेगळंच. मुलींनी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. मुलीच्या पायात बूट हेच आमच्याकडे नवल, त्यात पांढरेशुभ्र! पुष्पाच्या आजीने दृष्ट लागू नये म्हणून दोन्ही बुटांना पुढे काजळाचा टिळा लावला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पाहते, तर एकूण एक बुटाला टिळा!

ड्रिलच्या मास्तरांनी विचारलं, "बाई, हा काय नवा गणवेश?"

मी म्हटलं, "हो. आता कुणी घसरलं तर जबाबदारी काजळाची!"

मास्तर हसले. मग मी बघत नाही असं पाहून त्यांनी पुष्पाला हळूच विचारलं, "काजळ उरलंय का गं? सायकल नवी घेतलीय."

*

निघायचं होतं शुक्रवारी. पंचांग म्हणालं, शुक्रवार वाईट, बुधवारची संध्याकाळ चांगली. झालं! बुधवारी दिवेलागणीला सगळ्या पिशव्या प्रस्थान म्हणून आबांच्या ओसरीवर. आबा म्हणजे कमिटीचे चिटणीस, घर शाळेला लागूनच. मुलींचे बरे कपडे पिशव्यांत, आणि पिशव्या काही परत घरात यायच्या नाहीत. मी पुष्कळ आरडाओरडा केला. अक्का म्हणाली, "विचारायचं नाही म्हटलं ना!"

गुरुवारी अकरावीचा वर्ग आयांची लुगडी नेसून आला. आणि नेमके त्याच दिवशी शाळातपासनीस हजर! वर्गाच्या दारात थबकले, टोपी सारखी केली, हात जोडले.

"चालू द्या, चालू द्या. माताभगिनींची सभा आहे हे मला कळवलं नव्हतं."

मागच्या बाकावरून लीलाने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "बसा ना, भाऊ!"

*

शुक्रवारी सकाळी सगळे, नाना आणि अक्कासुद्धा, आबांच्या अंगणात. मी पिशव्या एकेक करून मुलींच्या पाठीवर चढवत होते. शांताची उचलली, तर एका बाजूला कललेली. आत काहीतरी टोचतही होतं. अशी पिशवी पाठीवर घेऊन डोंगर कसा चढणार? मी बंद सोडायला लागले.

"उघडू नकोस गं!" अक्का ओरडली.

मी उघडली. वर शालू. शालूखाली दागिन्यांचा डबा. त्याखाली मोत्यांची नथ, कापडात बांधलेली. प्रत्येकीला आणायला सांगितलेली घोंगडी मात्र नव्हती. कुणीतरी काढून ठेवली होती.

मी शांताकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नाना, डोंगरात शालू कशाला?"

"डोंगरात कशाला? शिरपुरात!" नाना म्हणाले. "मोटार थांबते तिथेच मंडळींचं घर आहे. मुलगी पाहतील. पसंत पडली तर शांता तिथेच राहील, मी संध्याकाळी येतोच आहे. तुम्ही बाकीच्यांना घेऊन पुढे जा."

"आणि तिची परीक्षा?"

"परीक्षा काय, पळून जाते? स्थळ पळून जातं."

आबा पुढे आले. "बाई, मोठ्यांच्या गोष्टीत पडू नका. ही सहल नानांच्या शब्दावर निघाली आहे. त्यांनी नाही म्हटलं, तर सगळ्या पिशव्या इथेच राहतील."

पंधरा मुली माझ्याकडे बघत होत्या.

मी शालूची नीट घडी केली. दागिन्यांचा डबा आणि नथ त्यावर ठेवली आणि सगळं नानांच्या हातात दिलं. माझ्या पिशवीतली घोंगडी काढून शांताच्या पिशवीत कोंबली.

"नाही, नाना. शांता शिरपुरात थांबणार नाही. मंडळींना सांगा, मुलगी डोंगरावर गेलीय. पाहायचीच असेल, तर आपापलं सामान पाठीवर घ्या आणि चढून या म्हणावं!"

आबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने तोंडाला पदर लावला.

शांताने पिशवी पाठीवर घेतली आणि खांद्यावरचा पट्टा ओढून घट्ट केला.

नाना शालू सांभाळत बाजूला सरले, आणि शांतामागून सगळ्या पिशव्या अंगणाबाहेर पडल्या.