वापरात नसलेली विहीर

आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी गोडं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. आदिलाबादच्या नळाचं पाणी वाईट असतं असं नाही. पण त्यात तुरीची डाळ शिजायला घातली की ती मागच्या बाकावरच्या पोरासारखी ढिम्म बसून राहते. पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे अशी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. विहिरीच्या पाण्यात तीच डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते.

ही विहीर माझ्या बापानं आणि शेजारच्या सात-आठ घरांनी मिळून खणली. तेव्हा आमची बौद्धांची वस्ती गावाबाहेर होती. आता गावच चालत आमच्यापर्यंत आलं आहे. त्याआधी पाणी दुसऱ्यांच्या विहिरीवरून आणावं लागे. म्हणजे घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं आणि कोणाला दया आली की वरून ओतून घ्यायचं. एकदा माझी माय सकाळी जाऊन उभी राहिली ती दुपार कलली तरी उभीच. रिकामी घागर घेऊन घरी आली आणि बापाला म्हणाली, "आता मी नाई जात तिथं." त्याच आठवड्यात कुदळ पडली. दिवसभर लोकांच्या कापसात मजुरी करायची आणि दिवस मावळेपर्यंत खणायचं. बाया टोपल्यांनी मुरूम वर आणायच्या. मायही आणायची, आणि मी तिच्या पोटात होते. खाली काळा खडक लागला तेव्हा जवळच्या बेला गावाहून सुरुंग लावणारा माणूस आणला होता.

त्यामुळे विहीर आणि मी एकाच वयाच्या. तिच्या काठावरच मी पाढे शिकले. माय दोर ओढायची आणि एका ओढीला मी एक ओळ म्हणायची. दोनाचा पाढा एका बादलीत आटपायचा. तेराच्या पाढ्याला मी मधे मधे अडायची आणि बादली अर्ध्यात लटकत राहायची. "बोल ना वं, हात भरून आला माहा," माय म्हणायची, पण पुढची ओळ आल्याशिवाय दोर ओढायची नाही. एप्रिलात जयंतीच्या आधी कठड्याला चुना लागायचा. त्या ताज्या चुन्याला टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायची आणि दिवसभर सगळ्या पोरी पांढऱ्या पाठीनं हिंडायच्या. ते दिवस आठवले की आजही मला भरून येतं. गरिबी होती, पण ते पाणी आमचं स्वतःचं होतं.

आता मूळ गोष्ट. शहराची पाणीयोजना वाढवायचं ठरलं. नवी टाकी, नव्या पाइपलाइनी. कामाआधी त्याचा आसपासच्या झाडा-पाण्यावर काय परिणाम होईल याची पाहणी करायची असते, म्हणून एक तरुण मुलगी आमच्याकडे आली. तेलुगू बोलणारी, कडक इस्त्रीची ओढणी, हातात मोबाइल. टाकीची जागा विहिरीला लागूनच होती. तिनं आधी झाडं मोजली, मग माझ्या दारात येऊन हिंदीत विचारलं, "अम्मा, ये बावडी का पानी पीते क्या कोई?"

मी म्हणाले, "नहीं बेटा, कौन पीता? घर-घर में नल है."

त्याच वेळी आत गॅसवर विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत होती. उंबऱ्यापाशी माय तांदूळ निवडत बसली होती. मग खोटं का बोलले? मला त्या मुलीसमोर मागासलेलं दिसायचं नव्हतं. घागर घेऊन उभं राहणाऱ्यांची लेक म्हणून नाही, तर घरात फिल्टर असलेली निवृत्त शिक्षिका म्हणून तिनं मला बघावं, असं वाटलं. शेजारची दोन-तीन घरंही, मी असं म्हणाले म्हटल्यावर, तेच म्हणाली. मॅडम म्हणतात तर तसंच असेल, ही आमच्या वस्तीची जुनी खोड आहे.

काही महिन्यांनी अहवालाचा मसुदा तेलुगूत वॉर्ड ऑफिसात लावला. मी चष्मा पुसून वाचायला उभी राहिले. त्यात लिहिलं होतं: वापरात नसलेली विहीर, एक. बुजवून टाकणे. परिणाम: नाही.

दोनदा वाचलं. वस्तीत येऊन सांगितलं तर एकच गिल्ला झाला. "कोनं सांगतलं वं त्याइले? काऊन सांगतलं?" जो तो विचारायचा, माझ्यामागून तेच सांगणारी दोन-तीन घरंसुद्धा. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझाच. तेलुगूत दरखास्त मी लिहिली, सह्या मी गोळा केल्या. कोणी सांगितलं, ते मात्र ओठांवर आणलं नाही. माय माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवायची.

जनसुनावणी आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी भला माणूस होता, पण त्याला मराठी येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून त्यानं मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. समोर सतरंजीवर सगळी वस्ती. तो म्हणाला, "विहीर वापरात नाही हे आम्हाला इथल्याच लोकांनी सांगितलं. ज्यानं सांगितलं त्यानं उठून चूक झाली म्हणावं, मी आत्ता नोंद बदलतो. नाहीतर उद्या वरचे मला विचारतील, काल एक आणि आज एक का?"

हे मराठीत सांगायचं काम माझं. मी सांगितलं. शब्द न् शब्द नीट सांगितला. समोर माझे विद्यार्थी होते, त्यांची पोरं होती. खोटं बोललं म्हणून यातल्या कित्येकांना मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. माझ्यानं उठवेना.

मग गुडघ्यावर हात टेकत माय उठली. "मीनं सांगतलं साहेब. बुढी हाओ, समजलं नाई. त्या विहिरीचं पानी आमी रोज पेतो. बुजवू नका."

अधिकारी माझ्याकडे वळला. काय म्हणते? मी स्वच्छ तेलुगूत सांगितलं, ही म्हणते की माहिती हिनं दिली. त्यानं विचारलं, लिहिता-वाचता येतं का हिला? मी म्हणाले, नाही. त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं.

घरी जाताना मी मायचा हात धरला होता. मला रडू येत होतं. ती म्हणाली, "चाल बाई, वरन करा लागते."

अंतिम अहवाल आला. टाकी थोडी सरकली, विहीर राहिली. मी त्याची प्रत आणली, तेव्हा माय म्हणाली, "वाच."

मी वाचलं, "विहीर वापरात आहे. ती राखावी." त्याखाली आणखी एक ओळ होती: आधीची चुकीची माहिती एका निरक्षर वृद्धेनं दिली होती. ती मी गाळली.

"इतलंच?"

"इतकंच."

"विहीर कोनं खंदली, थे नाई लिवलं?"

"नाही."

"मंग तू लिव ना. तुले त येते लिवता."

म्हणून लिहायला बसले. कोणी खणली ते वर आलं आहे. पण मायला जी ओळ वाचून दाखवली नाही, ती चुकीची आहे. माहिती निरक्षर बाईनं दिली नव्हती. मी दिली होती.